पाण्याच्या दिवशी गोळी नाही

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला एक फ्लेक्स बांधलाय. त्यावर हमीदाबाईंचा फोटो आहे. खाली लिहिलंय 'थोर समाजसेविका', आणि त्याच्या खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. वर कोपऱ्यात एका पुढाऱ्याचा फोटो आहे, तो बाईंच्या फोटोपेक्षा मोठा. बाईंचा फोटो कुठल्यातरी लग्नातला असणार, कारण डोक्यावर जरीचा पदर आहे आणि त्या सरळ कॅमेऱ्याकडं बघतायत. मी इतकी वर्षं त्यांच्या शेजारी राहिलो, जरीचा पदर कधी बघितला नाही. आणि कॅमेऱ्याकडं बघताना तर नाहीच नाही. कुणी मोबाईल पुढं केला की बाई छत्री उघडायच्या. उन्हाळा असो, घरात असो, छत्री उघडली की संपलं. काढा फोटो छत्रीचा.

फ्लेक्सची एक दोरी सुटलीय. वारा आला की दिवसभर तो फडफडतो आणि माझं घर समोरच असल्यामुळं ते मलाच ऐकावं लागतं. ज्यानं तो लावला त्या ओम्याला म्हणलं, "काढ, नायतर नीट बांध." "बांधतो आबा," म्हणला आणि गेला. अजून बांधतोय.

मग मीच ठरवलं, जे लिहायला पाहिजे होतं ते आपण लिहावं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. उभा जन्म मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी म्हणून गेला. पोतं काट्यावर चढवायचं, काटा स्थिर झाला की वजन मोठ्यानं ओरडायचं. लिहायचं काम दुसऱ्याचं असायचं. पण बाई समाजसेविका नव्हत्या एवढं मला कळतं, आणि ते सांगायला चौथी पुरते.

बाई मूळच्या सोयगावकडच्या. तिकडंच कुठल्याशा खेड्यात मराठी शाळेवर नोकरी झाली. रिटायर झाल्या तेव्हा मालक वारलेले होते आणि मुलगी जालन्याला दिलेली होती. मग हर्सूलला आमच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन एकट्या राहिल्या. मराठी आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली. शिकवायच्या मराठीत, रागवायच्या मात्र हिंदीत. "क्या रे, दिमाग घर पे रखके आया क्या?" असं आलं की पोरं सरळ बसायची. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या, त्यामुळं वेळ बघायच्या तेव्हा असं वाटायचं की कुणाकडं काहीतरी मागतायत. दारात भाजीचं एक प्लास्टिकचं क्रेट उलटं ठेवलेलं, त्यावर उशी. संध्याकाळी त्या तिथं मेथी निवडत बसायच्या आणि गल्लीतली पोरं समोर बसून पाढे म्हणायची. फी नव्हती. मेथीचे देठ पोरं बकऱ्यांना नेऊन घालायची, तेही कुणी सांगितल्याशिवाय.

बाईंची एक खोड होती. त्या शाब्बास म्हणायच्या नाहीत. पोरगं सतराचा पाढा घडाघडा म्हणून छाती फुगवून उभं राहायचं. बाई मेथीतून मान वर न काढता म्हणायच्या, "बरं. पुढं?" पोराचा चेहरा एवढासा व्हायचा. मला ते बघवायचं नाही. एकदा मी म्हणलोच, "बाई, शाब्बास म्हणायला काय तोंड दुखतं का तुमचं?"

"पाढ्याला म्हणते ना कधी कधी."

"मी तरी नाय ऐकलं."

"तुम्हाला कमी ऐकू येतं, भाऊ."

हे खरं होतं. पण मुद्दा पाढ्याचा नव्हताच. मुद्दा पाण्याचा होता.

आमच्याकडं नळ रोज येत नाही. आठवड्यानं येतो, कधी त्याच्याही पुढं जातो. त्यामुळं पाण्याचा दिवस म्हणजे सणासारखा असतो, फक्त गोड काही नसतं. "पाणी आलं!" अशी आरोळी उठली की सगळी गल्ली हंडे, बादल्या, ड्रम घेऊन बाहेर. धार गल्लीच्या तोंडाशी जोराची आणि टोकाला जाईपर्यंत नळ नुसता फुसफुसतो. अगदी टोकाला सोनाबाई राहायची. म्हातारी, एकटी, पायानं अधू आणि तोंडानं धडधाकट. तिच्या नळाला कधी पाणी यायचंच नाही. पूर्वी कुणी दिलं तर दिलं, नाहीतर ती दारात बसून गल्लीचा उद्धार करायची.

बाईंनी पोरांना एवढंच सांगितलं होतं की सोनाआजीचा ड्रम भरून या. पोरं भरून आली, ओलीचिंब, नाचत. "बाई, भरला! काठोकाठ भरला!"

"बरं. पुढं?"

पुढं म्हणजे कोण, ते पोरांनीच शोधलं. पुढं मी निघालो. माझा नळ अंगणात, ड्रम घरात, आणि मधे माझी कंबर. पोती उचलून उचलून ती मोंढ्यातच राहिली. माझी म्हातारी होती तोवर तिनं भरलं. ती गेल्यावर मुलगा म्हणला, "चला आमच्याकडं." तो चितेगावला कंपनीत आहे, तिकडंच राहतो. मी गेलो नाही. आपल्या घरात आपण बरे.

तर पोरं माझं पाणी भरायला लागली. बाईंनी त्यांना तीन गोष्टी शिकवल्या होत्या. भरायचं, झाकायचं, निघायचं. दार वाजवायचं नाही, सांगायचं नाही, चहाला थांबायचं नाही. पण मी काय असा सोडणारा? मी लिमलेटच्या गोळ्यांचा डबा आणून ठेवला. पोरगं बादली ओतून वळलं की हातावर गोळी. दुसऱ्याच खेपेला पोरांची माझ्याच दारात झुंबड. माझा ड्रम वाहून चालला आणि सोनाबाईचा रिकामा.

बाई छत्री टेकत आल्या. छत्री बारा महिने हातात असायची, काठी घेणं त्यांना पटत नसे.

"दगडूभाऊ, गोळ्या बंद करा."

"का? माझ्या पैशाच्या हायत."

"गोळ्या तुमच्या आहेत, पोरं माझी आहेत."

"पोरं गल्लीची हायत. अन् ऐका बाई, मी मोंढ्यात कुणाचा फुकट चहा पिलो नाय. ह्या पारड्यात काय पडलं तर त्या पारड्यात पडाय पायजे. त्याबिगर काटा सरळ व्हत नाय."

"मग पाणी घेऊ नका."

"नाय घेत."

मी घेतलं नाही. पुढच्या पाण्याला पोरांना हाकललं आणि बादली स्वतः उचलली. अंगणातून उंबऱ्यापर्यंत आलो आणि तिथंच बसलो ते उठता येईना. पोरांनी धरून खाटेवर टाकलं. बाई आल्या, पायथ्याशी उभ्या राहिल्या. दुसरी कुणी असती तर 'सांगत होते' म्हणली असती. त्यांनी नुसता डब्याकडं बघितलं.

"गोळ्या द्या, भाऊ. पण पाण्याच्या दिवशी नको. मधल्या दिवशी द्या."

"मधल्या दिवशी कशापायी द्यायच्या?"

"कशापायीच नाही."

मला आधी राग आला आणि मग ते पटलं, पण पटलं असं मी म्हणलो नाही. तेव्हापासून मी मधल्या दिवशी देतो. पोरगं रस्त्यानं चाललं की, "ए, इकडं ये." गोळी हातावर ठेवली की ते विचारतं, "कशाची, आबा?" "कशाची नाय. घे अन् पळ." माझा हिशोब माझ्या मनात मिटतो, त्यांच्या मनात कशाशी जुळत नाही. या भांडणात कोण जिंकलं यावर आमचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

त्या दिवसांत मी त्यांना विचारलं होतं की तुम्हाला बक्षिसाचं एवढं वाकडं का. त्यांनी शाळेतली गोष्ट सांगितली. नवीन नोकरी होती. शाळेच्या वाटेवर ओढा. पहिलीतलं एक बारकं पोरगं चिखलात पडलं आणि चौथीतल्या एकानं त्याला उचलून, पाय धुऊन, शाळेत आणलं. बाईंनी सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं आणि आपल्याजवळची नवी कोरी पेन्सिल त्याला दिली.

"दुसऱ्या दिवशी," बाई म्हणल्या, "बघते तर काय, दोघंजण त्याच बारक्याला धरून आले. तो नखशिखान्त चिखलात. म्हणाले, बाई, ह्याला आम्ही काढलं, पेन्सिल द्या. बारकं रडत होतं. मी विचारलं, पडला कसा रे? तर म्हणतो, ह्यांनीच ढकललं, बाई."

मी लई हसलो. बाईही हसल्या, पण मधेच थांबल्या.

"हसले मी पण. मग घरी गेल्यावर वाटलं, पेन्सिल मी दिली नसती तर ते पोरगं कोरडं राहिलं असतं."

आता ज्वारीचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत.

सोनाबाईनं एक नवा निळा ड्रम घेतला. जुना होता अगदी तसाच, झाकणासकट. गावाकडून वाट्याची ज्वारी आली होती, ती त्यात भरून पाण्याच्या ड्रमशेजारी ठेवली. पोरांना कोण सांगणार? पाण्याचा दिवस आला, सकाळीच लाईट गेलेली, तिच्या खोलीत खिडकी नाही. पोरांनी झाकण उघडलं, ओतलं, झाकलं, निघाली. पुन्हा आली, ओतलं, झाकलं. मुस्कान नावाची एक पोरगी होती, सगळ्यात बारीक आणि सगळ्यात चपळ. ती म्हणाली सुद्धा, "आज पाण्याचा आवाज येईना रे." ओम्या म्हणला, "तू भर की गप."

दुपारी सोनाबाईनं भाकरीला ज्वारी काढायला हात घातला.

मी मोंढ्यात आयुष्य काढलंय, हमालांच्या शिव्या मला पाठ आहेत. पण त्या दुपारी मला नवीन ऐकायला मिळाल्या. "मुडद्यांनो! तुमचं पाणी जळो! कुणी सांगितलं व्हतं भरायला? तुमच्या त्या बाईला म्हणावं माझ्या दारात फिरकली तर बघ!" पोरं बाईंच्या ओट्यावर चिमण्यांसारखी गोळा झाली. ओम्या रडत होता, पण रागानं. "आता नाही भरणार बाई. तिचं करायचं अन् तिच्याच शिव्या खायच्या?"

बाई म्हणाल्या, "तिला पाणी लागतं का नाही?"

"लागतं."

"मग?"

"पण ती शिव्या देती!"

"काल देत नव्हती का?"

पोरं विचारात पडली. काल पण देत होती. ती रोजच द्यायची.

"मग कालपर्यंत कशासाठी भरत होता?"

उत्तर बाईंनी सांगितलं नाही. त्या उठल्या, घरातल्या सगळ्या चादरी काढल्या आणि पोरांना माझ्या गच्चीवर पाठवलं, कारण ऊन माझ्या गच्चीवर चांगलं येतं. मला विचारलं नाही. ओली ज्वारी चादरींवर पसरली, पोरं आळीपाळीनं पाखरं हाकत बसली. पण ती बराच वेळ पाण्यात राहिली होती. काही दाण्यांना मोड आले, वास सुटला. मी दाणा चावून सांगितलं, "बाई, ह्या मालाला मोंढ्यात कुणी हात लावणार नाय."

तेव्हा बाईंनी आपल्या घरातली चांगली ज्वारी सोनाबाईच्या ड्रममध्ये भरली आणि ही आपल्याकडं आणली. सोनाबाईला वाटलं, वाळवून दिली. बाई महिनाभर त्या ज्वारीची भाकरी खात होत्या. मला एकदा दिली. आंबूस, वंगाळ भाकर होती. मी तसं सांगितलं.

"व्हय," बाई म्हणाल्या, "पोट भरतं पण."

आणि पोरं? पुढच्या पाण्याला त्यांनी आधी ड्रममध्ये हात घालून बघितलं आणि मग ओतलं. सोनाबाई शिव्या देतच होती. पोरांना त्या इतक्या पाठ झाल्या की ती चुकली तर मुस्कान पुढची आठवण करून द्यायची.

असं चाललं होतं. चाललं असतं तसंच. पण कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला. पोरं बादल्या घेऊन पळतायत, म्हातारी शिव्या देतेय, वरून गाणं लावलेलं. तो शहरभर फिरला. एका पुढाऱ्याला निवडणूक लढवायची होती. त्यानं आमच्या चौकात मंडप टाकला. पोरांना दप्तरं दिली, दप्तरावर त्याचा फोटो, आणि 'पाणीदूत' असं लिहिलेलं प्रमाणपत्र. बाईंना शाल द्यायची होती. बाई त्या दिवशी ओट्यावर छत्री उघडून मेथी निवडत बसल्या. मी गेलो होतो मंडपात. टाळ्याही वाजवल्या. पोरांना चांगलं दप्तर मिळतंय, आपण का तोंड वाकडं करावं? मला त्यात आजही काही वाईट दिसत नाही. पण झालं ते झालं.

दप्तरं सगळ्यांना पुरली नाहीत. पुढाऱ्याच्या माणसानं ज्यांची नावं लिहून नेली त्यांना मिळाली. पुढचं पाणी आलं तेव्हा दप्तर न मिळालेली पोरं भिंतीवर बसून राहिली. म्हणली, "दप्तरवाल्यांना सांगा." दप्तरवाले आले, पण मधेमधे थांबून एकमेकांचे फोटो काढत. त्याच्या पुढच्या वेळी तेही विचारायला लागले की आता कार्यक्रम कधी. एक आई बाईंच्या दारात येऊन भांडून गेली, "आमच्या पोरानं काय कमी बादल्या वाहिल्या का? त्याचं नाव का नाही दिलं?" जसं काही नावं बाईंनीच दिली होती.

हळूहळू कुणीच येईना. मग मी एक दिवस बघितलं, एका हातात छत्री, दुसऱ्या हातात अर्धी बादली, बाई सोनाबाईच्या घराकडं चालल्यात. गुडघे वाकत नव्हते. भिंतीवरची पोरं बघत होती. मी ओरडलो, "अय, लाज वाटत नाय का? बाईंच्या हातातली बादली घ्या!"

बाई माझ्यावर उखडल्या. पहिल्यांदाच माझ्यावर हिंदीत. "क्या भाऊ, मैने बोला क्या आपको? चुप बैठो ना."

नंतर ओट्यावर बसल्या तेव्हा धापा टाकत होत्या. मी म्हणलो, "एक शब्द टाका. तुमचं ऐकत्यात पोरं."

"माझं ऐकून भरतील. मग?"

"मग काय? ड्रम भरंल."

"ड्रम भरेल." मग पाय चोळत म्हणाल्या, "थकले मी, भाऊ. इतकी वर्षं मला वाटायचं, गोळी नको, पेन्सिल नको, शाब्बास नको, म्हणजे झालं. पण ती माझ्यासाठीच भरत असतील तर? मला बरं वाटावं म्हणून? मग मी पण गोळीच झाले ना. मी गेले की संपलं."

मी काट्याचा माणूस. असल्या गोष्टी काट्यावर चढत नाहीत. पण त्या दिवसापासून बाईंना दुसरं काही सुचत नव्हतं हे मला कळत होतं. पाढे घ्यायच्या, पण नजर भिंतीवरच्या पोरांवर. नळाची आरोळी उठली की मेथी निवडणारा हात थांबायचा.

मग एका पाण्याच्या दिवशी असं झालं. मी बाईंच्या ओट्यावर बसलो होतो. बाई बादली घ्यायला उठणारच होत्या. तिकडं टोकाला सोनाबाई सुरू झाली. "आले नाय मुडदे! कुठं मेले सगळे? नळाला आलंय का नाय? अय, कुणी हाय का?" शिव्या त्याच होत्या, पण आवाज आता फाटत होता. म्हातारीही थकली होती. भिंतीवरची पोरं हसली. मुस्कान हसली नाही. तिला दप्तर मिळालं नव्हतं, ती सगळ्यात जास्त रुसलेली. ती भिंतीवरून उतरली, इकडं तिकडं बघितलं, कुणाचा तरी भरलेला हंडा उचलला आणि चालायला लागली. "आजी, वरडू नको ना, आणते ना," असं काहीतरी पुटपुटत.

मी म्हणणार होतो, "बघा बाई—" तेवढ्यात बाईंनी माझा दंड धरला. "आत चला."

"अहो पण—"

"आत चला, भाऊ. बघू नका तिच्याकडं."

आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं, चोरी केल्यासारखी, दाराच्या आड जाऊन उभी राहिलो. बाईंनी दार लोटून घेतलं. बाहेर हंड्यातलं पाणी हिंदकळल्याचा आवाज जवळ आला, दारासमोर क्षणभर थांबला, आणि पुढं गेला. मुस्काननं बघितलं असणार, बाई ओट्यावर आहेत का. बाई नव्हत्या. तरी ती गेली. मला कमी ऐकू येतं, पण ते मी ऐकलं. बाईंचा हात माझ्या दंडावर तसाच होता.

सगळं परत पहिल्यासारखं झालं, असं मी म्हणणार नाही. काही पोरं परत आली, एकेक करून, कुणी न बोलावता. काही आली नाहीत. ओम्या आला नाही. तो आता त्या पुढाऱ्याच्या गाडीमागं फिरतो, हा फ्लेक्स पुढाऱ्याच्याच पैशाचा. ओम्याला बाईंबद्दल काही वाटत नव्हतं असं नाही. त्याच्या परीनं त्यानं केलं.

पुढच्या थंडीत बाईंचा दमा वाढला. जालन्याहून मुलगी आली आणि म्हणाली, आता एकटं राहायचं नाही. बाईंनी वाद घातला नाही, तेव्हाच मला कळलं की त्या खऱ्याच थकल्यात. मी म्हणलो, गल्लीतल्या सगळ्यांना सांगतो, पोरांना सांगतो, नारळ-शाल काय ते करू. एवढं तर पाहिजे. एवढ्या वर्षांचं पारडं रिकामं ठेवून जाणार का?

"कुणाला सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "आणि मी पाण्याच्या दिवशी जाणार."

"पाण्याच्या दिवशी? त्या दिवशी कुणाला मरायला फुरसत नसते."

"म्हणून तर."

मुलीला वाटलं, आईचं काहीतरी फिरलंय. मला कळलं होतं. आपल्याकडं न बघता पोरं पाणी भरतात का, त्यांना शेवटचं ते एकच बघायचं होतं. मला ते पटलं नव्हतं आणि मी तसं तोंडावर सांगितलं. त्यावर त्यांनी आपलं क्रेट मला देऊन टाकलं, उशीसकट. "कशापायी?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. दोघंही हसलो.

नळ सकाळी आला. मुलगी रिक्षा आणायला रस्त्यावर गेली होती. बाई दाराला कुलूप लावून गल्लीत उभ्या राहिल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात जुनी कापडी पिशवी. मी समोर माझ्या दारात. गल्लीत एकच धावपळ. हंडे, बादल्या, पाईप, चिखल, आरडाओरडा, आणि टोकाला सोनाबाईचं सुरूच. पोरं या बाजूनं त्या बाजूला पळत होती. बाई रोज उठून उभ्या राहाव्यात तशा उभ्या होत्या, पिशवी सोडली तर. पिशवीकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. दाराला कुलूप आहे, तेही कुणी बघितलं नाही. माझ्या घशात आलं होतं, ओरडून सांगावं, अरे, बाई चालल्या. वजन ओरडायची सवय या गळ्याला. मी ओरडलो नाही. का नाही, ते मला सांगता येत नाही.

तेवढ्यात मुस्कान आली. तोंडापर्यंत भरलेली बादली, दोन्ही हातांनी धरलेली, जीभ बाहेर काढून, नजर पाण्यावर. बाई बरोबर तिच्या वाटेत.

"बाई, सरका ना बाजूला," ती वर न बघताच म्हणाली, "सांडंल."

बाई लगबगीनं सरकल्या. पिशवी छातीशी धरली, छत्री काखेत मारली आणि पाठ भिंतीला टेकवून उभ्या राहिल्या, शाळेत उशिरा आलेलं पोरगं उभं राहतं तशा. मुस्कान पुढं गेली. बादली हिंदकळली आणि बाईंच्या साडीचा काठ भिजला. मागून दुसरं पोरगं आलं, मग तिसरं. बाई प्रत्येकाला वाट देत भिंतीला आणखी आणखी चिकटत होत्या.

रिक्षा आली, मुलीनं हाक मारली. बाई बसल्या. मुलगी म्हणाली, "अम्मी, साडी ओली झाली ना, पिळून टाक."

बाईंनी ओला काठ पायावर तसाच ओढून घेतला आणि रिक्षा वळेपर्यंत गल्लीकडं बघत राहिल्या. पिळला नाही.